घरच्या बागेत डोंगरी करवंद: बी रुजवण्यापासून पहिल्या तोड्यापर्यंत

सह्याद्रीच्या उतारावर करवंदीच्या जाळीला कोणी पाणी घालत नाही, खत देत नाही, तरी एप्रिल-मे महिन्यात ती काळ्याभोर फळांनी लगडते. तीच करवंद घराच्या अंगणात लावली की पुष्कळदा तीन-चार वर्षे नुसती हिरवीगार वाढते आणि फळाचा पत्ता नसतो. यात जमिनीचा किंवा हवेचा दोष क्वचितच असतो. गरजेपेक्षा जास्त पाणी, गरजेपेक्षा जास्त खत आणि चुकीच्या महिन्यात चाललेली कात्री, या तीन गोष्टींनी घरगुती करवंद वाया जाते. म्हणून या लेखात काय करायचे याच्या जोडीने कोणत्या महिन्यात हात आवरायचा हेही सांगितले आहे.

आधी कोणते करवंद हवे ते ठरवा

रोपवाटिकेत 'करवंद' म्हणून साधारण तीन वेगळी झाडे विकली जातात. पैसे देण्यापूर्वी यातले कोणते आहे ते विचारून घ्यावे.

पहिले डोंगरी करवंद. कच्चे असताना हिरवे, मग लालसर-जांभळे आणि पिकले की काळे. फळ छोटे, गोलसर, सुपारीहून लहान. चव आंबट-गोड. जानेवारी ते मार्च या काळात फुलते आणि कोकणात एप्रिलच्या मध्यापासून पिकू लागते. घाटमाथ्यावर थोडे उशिरा. पाटीत घेऊन 'डोंगराची काळी मैना' म्हणून विकले जाते ते हेच.

दुसरे लोणच्याचे करवंद. कच्चे फळ पांढरट, त्यावर गुलाबी झाक, दिसायला फार देखणे. हे मुख्यतः उत्तर भारतातून आलेले वाण. पंतनगरच्या कृषी विद्यापीठाच्या पंत मनोहर, पंत सुदर्शन या जाती याच गटातल्या. याची फळे पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये तयार होतात. जिथे त्या काळात धो-धो पाऊस असतो तिथे ती झाडावरच डागाळतात, म्हणून कोकणपट्टीसाठी आम्ही हे सुचवणार नाही. कमी पावसाच्या मराठवाड्यात किंवा सोलापूर-नगरकडे मात्र हे चांगले येते.

तिसरे नेटाल प्लम. मूळ दक्षिण आफ्रिकेचे, शोभेच्या कुंपणासाठी लावतात. पाने जाड, चकचकीत. फुले करवंदापेक्षा बरीच मोठी. फळ लालभडक आणि लांबट. पिकलेले फळ खाता येते, पण काळ्या करवंदाची चव त्यात शोधू नये.

कलमी रोप हवे असेल तर 'कोकण बोल्ड' ही जात विचारावी. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेली ही जात मोठ्या फळांची आहे. विद्यापीठाच्या किंवा शासकीय रोपवाटिकेत चौकशी केली तर जातीची खात्री राहते.

डोंगरातली जाळी मुळासकट उपटून आणण्याचा विचार मात्र करू नये. वनजमिनीवरून झाड काढणे कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय ते जगतही नाही. करवंदीचे सोटमूळ कातळाच्या भेगांतून खोल गेलेले असते. खणताना ते तुटते आणि वर राहिलेले झुडूप महिन्याभरात वाळून जाते. डोंगरातून आणायचेच असेल तर मूठभर पिकली फळे आणावीत.

जागा

ऊन हवेच. दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन पडत नसेल तर फुले तुरळक येतात आणि फांद्या उजेडाच्या दिशेने लांबत जातात. आंब्या-फणसाच्या सावलीत करवंद जगते, फळत नाही.

जमीन हलकी, मुरमाड, निचऱ्याची चांगली. जांभ्याची लाल माती तर उत्तमच. भारी काळी माती असेल तर खड्ड्याच्या भरवशावर राहू नये. तिथे दीड-दोन फूट उंच आणि चार फूट रुंद मातीचा उंचवटा करून त्यावर लागवड करावी. काळ्या मातीतला खड्डा पावसाळ्यात पाण्याची टाकी होतो आणि कोवळ्या मुळांना कुजवतो. चुनखडीच्या जमिनीतही करवंद तग धरते, पण नवी पाने पिवळी पडतात. त्यावरचा उपाय पुढे आहे.

आता काट्यांविषयी. करवंदीचा काटा कडक, सरळ, टोकदार असतो, कधी टोकाला दुभंगलेला. दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा हा काटा रबरी चप्पल सहज भेदतो आणि त्याचे टोक मोडून कातडीत राहते. म्हणून पायवाट, गाडी लावायची जागा, मुलांच्या खेळण्याची जागा आणि कपडे वाळत घालायची तार यांपासून झुडूप किमान दोन मीटर दूर असावे. भिंतीपासून दीड मीटर अंतर ठेवावे, नाहीतर मागच्या बाजूची फळे तोडायला हात जात नाही आणि छाटणीही होत नाही. एकटे झुडूप वाढू द्यायचे तर चारही बाजूंनी अडीच मीटर मोकळी जागा धरावी. कुंपणासाठी लावायचे तर दोन रोपांत ६० ते ९० सेंटिमीटर अंतर पुरे.

बियांपासून रोप

नवख्या माणसासाठी हाच मार्ग सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा. एकच अडचण असते. बियांची रोपे आईसारखीच निघतील असे नाही. काहींची फळे लहान, काहींची आंबट निघू शकतात. त्यामुळे बी कोणत्या जाळीचे घेतो याला फार महत्त्व आहे.

मे महिन्यात पाच-सहा वेगवेगळ्या जाळ्यांची पिकली फळे चाखून पाहावीत. फळ मोठे, गर जास्त, चीक कमी आणि झुडूप भरगच्च लगडलेले, अशी जाळी निवडावी. मुले करवंद फोडून आत लाल निघाले तर कोंबडा आणि फिकट निघाले तर कोंबडी म्हणतात. तो खेळ आहे. आतल्या रंगावरून गोडी ठरवू नये, जीभ सांगेल तेच खरे.

१. निवडलेल्या जाळीची पूर्ण काळी, मऊ झालेली ३० ते ४० फळे घ्या. अर्धवट लाल फळातले बी अनेकदा कच्चे असते.

२. फळे हाताने कुस्करून गर वेगळा करा. बी चपटे, तपकिरी असते आणि त्याला बुळबुळीत गर चिकटलेला असतो. मूठभर चुलीची राख किंवा बारीक वाळू लावून चोळा, मग पाण्याने धुवा. गर राहिला तर बुरशी येते आणि मुंग्या बी ओढून नेतात.

३. धुतलेले बी पाण्यात टाका. तरंगणारे फेकून द्या, बुडालेले घ्या.

४. कागदावर पसरून एक दिवस सावलीत सुकवा. उन्हात नको.

५. त्याच आठवड्यात पेरा. करवंदाच्या बियांची उगवणशक्ती झपाट्याने कमी होते. डबीत भरून पुढच्या वर्षासाठी ठेवलेले बी बहुधा उगवत नाही, आणि 'करवंदाचे बी रुजतच नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

पेरणीसाठी १३ × १८ सेंटिमीटरच्या काळ्या प्लास्टिक पिशव्या घ्या. मिळाल्या तर थोड्या उंच घ्या, सोटमुळाला खाली जायला जागा मिळते. तळाशी आणि बाजूला मिळून आठ-दहा भोके हवीत. दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण भरा. प्रत्येक पिशवीत दोन बिया, एक सेंटिमीटर खोल. यापेक्षा खोल पेरलेले बी वर येईपर्यंत थकते.

पिशव्या पडवीत किंवा शेडनेटखाली, हलक्या सावलीत ठेवा. माती ओलसर राहील इतकेच पाणी झारीने द्या. साधारण दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसतात, सगळे एकदम येत नाहीत. सव्वा महिना होईपर्यंत पिशवी रिकामी करू नका. दोन्ही बिया उगवल्या तर दुबळे रोप उपटू नका, कात्रीने जमिनीलगत कापा. उपटताना शेजारच्याची मुळेही हलतात.

पावसाळा सुरू झाला की खरा धोका. मुसळधार पाऊस थेट पिशव्यांवर पडला तर रोपांचे देठ मातीलगत काळे पडून ती आडवी होतात. वर पारदर्शक प्लास्टिकचे छप्पर, बाजूंनी मात्र मोकळी हवा, अशी सोय करावी. रोप आडवे पडलेच तर ती पिशवी लगेच बाजूला काढावी आणि बाकीच्यांचे पाणी तीन-चार दिवस थांबवावे.

ऑक्टोबरपासून रोपांना हळूहळू उन्हाची सवय लावा: आधी सकाळचे दोन तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण. पहिल्या वर्षी करवंदाची वाढ फार संथ असते. पुढच्या जूनमध्ये रोप वीतभर, फार तर फूटभर उंच झालेले असेल. तेवढे पुरे. लवकर वाढावे म्हणून युरिया टाकू नये, लुसलुशीत झालेले रोप जमिनीत गेल्यावर पहिला उन्हाळा सोसत नाही.

गुटी कलम

आवडत्या झुडपाचे अगदी तसेच रोप हवे असेल तर गुटी बांधावी. ओळखीच्या कोणाच्या बागेत चांगली करवंद असेल तर परवानगी घेऊन जूनअखेर ते जुलै या काळात हे काम करता येते.

पेन्सिलीइतक्या जाडीची, साधारण वर्षाची निरोगी फांदी निवडा. टोकापासून ३० ते ४० सेंटिमीटर मागे, दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोलाकार काढा. करवंद कण्हेर-चाफ्याच्या कुळातले असल्यामुळे लगेच पांढरा चीक वाहू लागतो. घाई न करता तो कोरड्या फडक्याने टिपत राहा. चीक थांबला की उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडून काढा. हा थर राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळे येत नाहीत. वरच्या बाजूच्या सालीच्या कडेला मुळे फुटण्याची पूड लावा. खतांच्या दुकानात आयबीए असलेली पूड म्हणून मागितली की मिळते. मग भिजवून घट्ट पिळलेले शेवाळ (मॉस) मूठभर घेऊन जखमेभोवती दाबून बसवा, वरून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोके सुतळीने घट्ट बांधा. गुटी हलली तर कोवळी मुळे तुटतात, म्हणून फांदी वाऱ्याने फार डोलत असेल तर तिला काठीचा आधार द्या.

दोन ते तीन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळे दिसू लागतात. पांढऱ्या मुळांवर लगेच कापू नका, ती थोडी तपकिरी होऊ द्या. फांदी एकदम न तोडता आधी अर्धी खाच घ्या, आठ-दहा दिवसांनी पूर्ण कापा. पिशवीत लावून महिनाभर सावलीत ठेवा आणि निम्मी पाने काढून टाका.

साध्या छाट कलमानेही रोपे होतात असे वाचायला मिळते, पण संप्रेरक आणि दमट धुक्याची सोय नसताना दहातली एखाद-दुसरीच काडी जगते. करून पाहायचे असेल तर काड्या कापल्यावर पाण्यात बुडवून चीक निघू द्या आणि मगच लावा. टोकावर सुकलेला चीक पाणी शोषू देत नाही.

खड्डा आणि लागवड

मे महिन्यात ४५ × ४५ × ४५ सेंटिमीटरचा खड्डा घ्या. वरची सुपीक माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. खड्डा पंधरा दिवस उन्हात तापू द्या. पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर वरच्या मातीत ५ ते ८ किलो पूर्ण कुजलेले शेणखत, पाव किलो निंबोळी पेंड आणि १०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मिसळून खड्डा भरा. कच्चे शेण घालू नये. त्याने उष्णता वाढते आणि हुमणी, वाळवी येते.

लागवडीला जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचा काळ चांगला. पिशवी ब्लेडने उभी कापा, मातीची हुंडी फुटू देऊ नका. तळाशी मूळ गोल फिरलेले दिसले तर तेवढा वेटोळा कापून टाका. रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच जमिनीत लावा, त्याहून खोल नाही. भोवतीची माती पायाने नव्हे, हाताने दाबा. बुंध्यापाशी पाणी साचू नये म्हणून तिथे किंचित उंचवटा ठेवा.

कुंपणाच्या वईसाठी एक फूट रुंद, दीड फूट खोल सलग चर खणून त्यात रोपे लावणे सोपे जाते. दोन ओळी नागमोडी पद्धतीने लावल्या, तर तीन-चार वर्षांत कुत्रा-डुकरालाही वाट राहत नाही. इतके दाट कुंपण फळेही देते, पण मोकळ्या झुडपाइतकी नाही, हे आधीच मान्य करून लावावे.

शेळ्या करवंदीची कोवळी पाने आवडीने खातात. काटे कडक होईपर्यंत, म्हणजे पहिली दीड-दोन वर्षे, रोपाभोवती जाळी किंवा काटेरी फांद्यांचा आडोसा हवा.

पहिली दोन वर्षे

पहिल्या हिवाळ्यात आठवड्यातून एकदा आठ-दहा लिटर, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा तितकेच. बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचे चार बोटे जाडीचे आच्छादन घाला, पण ते खोडाला टेकू देऊ नका. दुसऱ्या वर्षी पाणी निम्म्यावर आणा: हिवाळ्यात पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात आठवड्याने. विदर्भातल्या रखरखीत उन्हाळ्यात एखादी पाळी जास्त द्यावी लागेल. पाने दुपारी किंचित मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा ताठ होत असतील तर काळजीचे कारण नाही; सकाळीही मलूल असतील तर पाणी द्या.

या दोन वर्षांत आकार देऊन घ्यावा. बुंध्यातून बरेच फुटवे येतात. त्यातले सरळ, जोमदार तीन-चार ठेवून बाकीचे काढा, आणि जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतच्या बाजूच्या फांद्या साफ करा. असे केले की झुडपाखाली हवा खेळते, तण काढता येते आणि पुढे फळे वेचायला जागा राहते. सगळे फुटवे तसेच सोडले तर दाट जाळी होते. मग फळे आतल्या बाजूला आणि काटे बाहेरच्या बाजूला.

फुलोऱ्यासाठी ताण

करवंदीचे कुंपण करणारे बरेच असतात, पण तिच्याकडून फळे काढून घेणारे थोडे, आणि फरक इथे पडतो.

डोंगरात ऑक्टोबरमध्ये पाऊस संपतो. त्यानंतर जमीन सुकत जाते, झुडपाची पालेवाढ थांबते, फांद्या पक्व होतात आणि थंडी सरताना त्यांच्या टोकांना फुलांचे झुबके येतात. बागेत नळाचे पाणी चालू राहिले तर झुडपाला हा विसावा मिळतच नाही. ते नवी पालवी काढत राहते आणि फुलायचे विसरते. ठिबकच्या सामाईक नळीवर बसवलेल्या करवंदाला फळ न येण्याचे हेच सर्वांत मोठे कारण. त्याचा ड्रिपर वेगळा करून बंद ठेवता येईल अशी व्यवस्था करावी.

तिसऱ्या वर्षापासून पाऊस थांबल्यावर, म्हणजे ऑक्टोबरअखेरपासून, पाणी पूर्ण बंद करा. हलक्या जमिनीत एवढा ताण जास्त वाटला, पाने गळू लागली, तर महिन्यातून एकदा हलके पाणी द्या. कळ्या दिसेपर्यंत हाच क्रम. फुले उमलून लहान हिरवी फळे धरली की दहा-बारा दिवसांनी एकदा १५ ते २० लिटर पाणी सुरू करा. या टप्प्यावर झाड अगदी कोरडे ठेवले तर फळे सुरकुततात आणि गळतात. फळ रंग धरू लागले की पाणी पुन्हा कमी करा. शेवटी भरपूर पाणी दिल्याने फळ फुगते, पण पाणचट लागते.

खताचेही तसेच. तिसऱ्या वर्षापासून वर्षातून एकदाच, फळांचा हंगाम संपल्यावर जूनमध्ये, ८ ते १० किलो शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड फांद्यांच्या घेराखाली चर काढून द्यावी. ऑक्टोबरनंतर कोणतेही नत्रयुक्त खत नको. शेजारच्या हिरवळीला किंवा गुलाबाला दिलेला युरिया पाण्याबरोबर करवंदाच्या मुळांशी येत असेल तर तोही थांबवावा.

बियांचे झाड साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी, गुटीचे त्याआधी एखाद वर्ष फुलू लागते. पहिल्या बहरात मूठभर फळे मिळाली तरी झाड वेळेवर आहे असे समजावे.

कात्री कधी लावायची

फुले फांद्यांच्या टोकांना येतात. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की छाटणीचे बाकी नियम आपोआप सुचतात. दिवाळीत घर-अंगण आवरताना कुंपणही नीटनेटके कापून घेण्याची पद्धत आहे; त्यात येत्या उन्हाळ्याची सगळी फळे कापली जातात.

छाटणी वर्षातून एकदा, शेवटचा तोडा झाल्यावर आणि पावसाचा जोर वाढण्याआधी. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या बुंध्यापासून काढा. उंच गेलेल्या फांद्या हात पोहोचेल इतक्या, म्हणजे पाच-सहा फुटांवर, छाटा. एकूण झाडाच्या पाव भागापेक्षा जास्त एका वर्षी काढू नये. जुने, वर्षानुवर्षे न छाटलेले झुडूप ताब्यात आणायचे असेल तर दरवर्षी सर्वांत जुने एक खोड जमिनीपासून वीतभर ठेवून कापा. तीन वर्षांत ते नवे होते आणि मधल्या काळात फळेही मिळत राहतात.

चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, बूट आणि डोळ्यांवर चष्मा घालूनच हे काम करावे. चिकाचा हात डोळ्याला लावू नये. काटा खोल रुतला तर साबणाने धुऊन टोक आत राहिले नाही ना ते पाहावे, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन बरीच वर्षे झाली असतील तर डॉक्टरांना विचारावे. कापलेल्या फांद्या खतखड्ड्यात टाकू नका. पाने कुजतात, काटे दोन वर्षे तसेच राहतात आणि पुढे ते खत हाताने पसरताना बोचतात. त्या फांद्या नव्या रोपांभोवती आडोसा म्हणून उपयोगी पडतात.

काय बिघडते आणि का

पाने चिकट होऊन त्यांवर काजळीसारखा काळा थर आला असेल तर तो मूळ रोग नव्हे. फांद्यांवर आणि पानांच्या मागे पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड बसलेली असते, तिच्या गोड चिकट स्रावावर ही काळी बुरशी वाढते. थोडी कीड असेल तर जुन्या ब्रशने साबणाचे पाणी लावून घासून काढा. जास्त असेल तर एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तिचाही बंदोबस्त करावा, कारण मुंग्याच ही कीड जपतात आणि फांदीवरून फांदीवर नेतात. फुलोऱ्यात मात्र कोणतीही फवारणी नको; फळधारणेसाठी मधमाश्या आणि पतंग यायला हवेत. फुले भरपूर येऊनही फळ धरत नसेल तर आधी हे तपासावे, की त्या काळात बागेत दुसऱ्या कुठल्या झाडावर औषध मारले गेले का.

पावसाळ्यात पानांवर तपकिरी ठिपके पडणे आणि शेंडे वरून खाली वाळत येणे हे दाट, कोंदट झुडपात दिसते. वाळलेला भाग हिरव्या लाकडापर्यंत कापावा, उघडीप पाहून एक लिटर पाण्यात अडीच ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारावे आणि पुढच्या छाटणीत झुडूप मोकळे करावे.

नवी पाने पिवळी पण शिरा हिरव्या, हे चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडल्याचे लक्षण. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या द्याव्यात. जुनी पाने पिवळी पडून गळत असतील आणि माती ओली असेल तर मुळांशी पाणी साचले आहे. अशा वेळी खत देणे नुकसानीचे, चर काढून पाण्याला वाट द्यावी.

सुरवंटांनी पाने खाल्लेली दिसली तर सकाळी वेचून काढणे पुरते. करवंद पुन्हा लवकर पालवते. फळे पिकताना बुलबुल येणारच. वरच्या टोकाची फळे त्यांच्यासाठी सोडली तर बाकीच्यांवर जाळे टाकायची गरज सहसा पडत नाही.

कुंडीत

जमत नाही असे नाही. ५० लिटरचा अर्धा ड्रम, तळाला भोके, मातीत एक तृतीयांश जाड वाळू किंवा बारीक मुरूम. ऊन पूर्ण हवे. ड्रममध्ये ताण देताना पाणी पूर्ण तोडू नये, आठवड्याला दोन लिटर चालू ठेवावे. फळे किलोभराच्या आसपास मिळाली तरी समाधान मानावे.

तोडा

लोणच्यासाठी कच्ची करवंदे हवी असतील तर ती पूर्ण वाढलेली पण हिरवी असताना, मार्चअखेर-एप्रिलमध्ये तोडा. देठाशी चीक भरपूर येतो. हाताला आधी खोबरेल लावले तर तो चिकटून राहत नाही. तोडलेली फळे मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून दोनदा धुवावीत, मग दोन भाग करून बी काढावे. कच्च्या फळात पेक्टिन चांगले असते, त्यामुळे मुरंबा किंवा जॅम करताना पिकल्या फळांत एक चतुर्थांश कच्ची किंवा लालसर फळे मिसळली की तो नीट धरतो.

खायची फळे झाडावरच पिकू द्या. लाल असताना तोडलेले करवंद घरात ठेवून काळे पडते, पण त्यात गोडी भरत नाही. फळ पूर्ण काळे झाले, बोटाने किंचित दबले आणि हात लावताच देठापासून सुटले की ते तयार. एका झुडपावरची फळे एकदम पिकत नाहीत. तीन-चार दिवसांच्या अंतराने महिनाभर तोडे चालतात. सकाळी ऊन चढण्याआधी तोडा आणि पसरट टोपलीत एका थरात ठेवा. खोल भांड्यात खालची फळे चेपतात आणि संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो. चांगल्या वाढलेल्या झुडपापासून हंगामात दोन ते पाच किलो फळे धरावीत.

पिकले करवंद घरात दोन-तीन दिवसच टिकते. फ्रिजमध्ये ठेवायचे असेल तर धुऊन ठेवू नये, खाताना धुवावे. वळवाचा पाऊस येणार असे दिसले तर त्याआधीच काळी झालेली सगळी फळे उतरवून घ्या; पावसात भिजलेले पिकले फळ फुटते आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर बुरशी धरते.